कबूल म्हणण्याआधी शर्ती कळायला नकोत का?

डिसेंबर 2021 मधली गोष्ट. कोरोनानंतर शाळा पुन्हा भरू लागल्या होत्या. दहावीच्या वर्गात एक मुलगा मराठी पेपरचं कात्रण घेऊन आला. बातमी अशी होती की जागतिक व्यापार संघटनेत, म्हणजे डब्ल्यूटीओमध्ये, ऊस आणि साखरेच्या प्रकरणात भारताविरुद्ध निकाल लागला. तक्रार करणारे देश तीन : ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला. मुलाच्या घरचा दोन एकर ऊस कारखान्याला जातो. त्याने विचारलं, "सर, आमच्या उसाने ब्राझीलचं काय बिघडवलं? आणि आपल्या सरकारने तिथे काय सांगितलं, ते आपल्याला वाचायला मिळतं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जमेल तसं दिलं. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून मला हे माहीत नव्हतं, याची थोडी लाजच वाटली. घरी येऊन शोधायला बसलो. जे सापडलं त्याने आधी आनंद झाला आणि नंतर काळजी वाटली. दोन्ही गोष्टी वाचकांसमोर ठेवतो, कारण हा विषय फक्त अर्थतज्ज्ञांचा नाही. आपलं रेशनचं धान्य, उसाचा भाव आणि मेडिकलच्या दुकानातली गोळी, या तिन्हींचा रस्ता जिनिव्हातल्या त्या इमारतीतून जातो.

कुलूप कसं उघडलं?

डब्ल्यूटीओ 1 जानेवारी 1995 रोजी सुरू झाली. त्याआधी 1947 पासून 'गॅट' नावाचा करार होता. गॅटच्या काळात गुप्तता हाच शिरस्ता होता. बैठकांची इतिवृत्तं, देशांचे प्रस्ताव, सचिवालयाची टिपणं या सगळ्यांवर निर्बंधाचा शिक्का असायचा. व्यापार हा सरकारांचा आपापसातला मामला, लोकांचा त्याच्याशी काय संबंध, अशीच समजूत होती.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला 'डंकेल प्रस्ताव' हा शब्द आठवत असेल. गॅटचे तेव्हाचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर 1991 मध्ये शेकडो पानांचा मसुदा पुढे केला आणि देशभर रान पेटलं. कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने विरोधात मोर्चे काढले. महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने उलट भूमिका घेतली, खुल्या बाजाराचं स्वागत केलं. दोन्ही बाजूंच्या सभांना हजारो शेतकरी जमत. पण तो मसुदा हातात घेऊन, आपल्या भाषेत वाचलेला शेतकरी त्यात किती असेल? शब्द गावोगाव पोहोचला, कागद पोहोचला नाही. एप्रिल 1994 मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात भारताने सही केली.

पुढे हळूहळू दार उघडत गेलं. जुलै 1996 मध्ये डब्ल्यूटीओच्या सर्वसाधारण परिषदेने कागदपत्रं खुली करण्याचा पहिला नियम केला. त्यात अपवाद इतके होते की एखादा महत्त्वाचा कागद बाहेर यायला सरासरी आठ-नऊ महिने लागत. 1999 मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात डब्ल्यूटीओच्या मंत्रिस्तरीय परिषदेवर प्रचंड निदर्शनं झाली. बंद दाराआडच्या कारभारावर जगभर टीका झाली. शेवटी 14 मे 2002 रोजी नवा निर्णय झाला, तोच आज लागू आहे. संघटनेचे अधिकृत कागद खुले असतील, हा नियम आणि गुप्तता हा अपवाद. एखाद्या देशाने आपला कागद गुप्त ठेवायला सांगितला, तरी संबंधित समितीत त्याचा पहिला विचार झाला की किंवा साठ दिवस झाले की, जे आधी घडेल तेव्हा तो खुला होतो. मुदत वाढवून हवी असेल तर त्या देशाला तशी मागणी करावी लागते. बैठकीचं इतिवृत्त सदस्यांना वाटल्यावर 45 दिवसांनी खुलं होतं. 2006 मध्ये गॅटच्या जुन्या काळातली अधिकृत कागदपत्रंही खुली करायचं ठरलं.

म्हणजे आज तुमच्या हातातल्या मोबाईलवर डब्ल्यूटीओचं कागदपत्रांचं भांडार उघडता येतं. पैसे लागत नाहीत, ओळखपत्र लागत नाही. प्रत्येक कागदाला एक सांकेतिक क्रमांक असतो. 'डब्ल्यूटी/डीएस' असेल तर तो तंट्याचा कागद, 'जी/एजी' असेल तर शेतीविषयक समितीचा, 'आयपी/सी' असेल तर पेटंट आणि बौद्धिक संपदेचा. एवढी खूणगाठ माहीत असली तरी शोधणं सोपं जातं.

आपलं सरकार तिथे काय सांगतं?

आनंदाची गोष्ट ही की बरंच काही खरोखर वाचायला मिळतं. दोन उदाहरणं देतो.

पहिलं रेशनचं. सरकार शेतकऱ्यांकडून हमीभावाने तांदूळ-गहू विकत घेतं आणि रेशनवर वाटतं. डब्ल्यूटीओच्या शेतीकरारानुसार विकसनशील देशाने एखाद्या पिकाला दिलेली अशी मदत त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. पण मदत मोजताना आजच्या हमीभावाची तुलना 1986-88 या काळातल्या स्थिर भावाशी करतात. तीस-पस्तीस वर्षांत महागाई कुठून कुठे गेली! तुलनाच अशी असल्यावर मदत फुगलेली दिसणारच. 2013 मध्ये बाली इथल्या परिषदेत भारताला एक तात्पुरती सवलत मिळाली. तिला 'पीस क्लॉज' म्हणतात. धान्यसाठ्यासाठी मर्यादा ओलांडली तरी कोणी तंटा दाखल करणार नाही, पण अट अशी की हिशोब वेळच्या वेळी द्यायचा.

त्या अटीप्रमाणे 2020 मध्ये भारताने कळवलं की 2018-19 मध्ये देशातल्या तांदळाचं उत्पादनमूल्य 43.67 अब्ज डॉलर होतं आणि त्यावर 5 अब्ज डॉलरची मदत दिली. म्हणजे दहा टक्क्यांची रेषा ओलांडली. ही सवलत वापरणारा भारत पहिला देश ठरला. आपल्या घरातल्या रेशनकार्डाचा हिशोब असा ब्राझील, अमेरिका, थायलंड यांच्या टेबलावर ठेवलेला असतो. ते तो बारकाईने वाचतात, प्रश्न विचारतात, आपलं सरकार लेखी उत्तरं देतं. ही प्रश्नोत्तरं आपणही वाचू शकतो. वाचत नाही, इतकंच.

दुसरं उदाहरण त्या मुलाच्या उसाचं. तिन्ही तक्रारींचे क्रमांक डीएस 579, 580 आणि 581. पॅनेलचा संपूर्ण अहवाल खुला आहे. त्यात वाचायला मिळतं की आपल्या सरकारचा एक मुख्य मुद्दा असा होता : उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, सरकार स्वतःच्या तिजोरीतून देत नाही, साखर कारखाने देतात, मग ती सरकारी मदत कशी? पॅनेलने तो मान्य केला नाही. भाव सरकारने ठरवून दिला आणि तो देणं बंधनकारक केलं, तर पैसे कोणाच्याही खिशातून गेले तरी ती मदतच, असं त्यांनी म्हटलं. 2014-15 ते 2018-19 अशा सलग पाच हंगामांत भारताने दहा टक्क्यांची मर्यादा मोडली, असा निष्कर्ष काढला. भारताने जानेवारी 2022 मध्ये अपील केलं. पण अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासूनच ठप्प आहे. त्यामुळे निकाल अधांतरी लटकला.

एफआरपीसाठी आपल्याकडे दर हंगामात आंदोलनं होतात. कोल्हापूर-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंत रस्ते अडतात. त्याच एफआरपीच्या मुळावर येणारा निकाल जिनिव्हात लिहिला गेला आणि तो सगळ्यांसाठी खुला आहे. तरी ऊस परिषदांमध्ये त्यावर कितीशी चर्चा होते?

जे दिसत नाही ते

आता काळजीची गोष्ट. निकाल खुला आहे, पण निकालापर्यंतचा रस्ता बंद आहे. तंट्यातल्या देशांनी पॅनेलला दिलेली लेखी निवेदनं नियमाने गोपनीय असतात. मात्र स्वतःचं निवेदन जाहीर करायला कोणत्याही देशाला बंदी नाही. अमेरिका आणि युरोपियन युनियन आपली निवेदनं नेहमी प्रसिद्ध करतात. आपल्याकडे सहसा तशी रीत नाही. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर असं : सरकारचं म्हणणं पॅनेलने जसं नोंदवलं तसं वाचता येतं, निकाल लागल्यानंतर. सरकारने स्वतः लिहिलं ते नाही.

याहून मोठा अडथळा अनौपचारिक कागदांचा आहे. 2002 चा नियम 'अधिकृत' कागदांना लागू होतो. पण खरी घासाघीस चालते ती निवडक देशांच्या छोट्या बैठकांत. महासंचालकांच्या दालनाजवळच्या खोलीवरून त्यांना 'ग्रीन रूम' बैठका म्हणतात. तिथे कोण काय बोललं याचं इतिवृत्तच नसतं, तर ते 45 दिवसांनी खुलं कसं होणार? तिथे फिरणारे कच्चे मसुदे हे 'खोलीतले कागद' असतात. कित्येक गरीब सदस्य देशांनाही ते उशिरा पाहायला मिळतात, तर सामान्य माणसाची काय कथा!

याचा ताजा अनुभव कोरोनाच्या काळात आला. 2 ऑक्टोबर 2020 रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने प्रस्ताव दिला की महामारी असेपर्यंत लशी, औषधं आणि तपासणीची साधनं यांच्यावरचे पेटंटसारखे हक्क स्थगित करावेत. तो प्रस्ताव पहिल्या दिवसापासून उघड होता. जगभरच्या डॉक्टरांनी, रुग्णसंघटनांनी तो वाचला, पाठिंबा दिला, साठांहून जास्त देश त्याचे सहप्रस्तावक झाले. कागद उघडा असला की असं बळ मिळतं.

मग बोलणी चौघांच्या खोलीत गेली : अमेरिका, युरोपियन युनियन, भारत आणि दक्षिण आफ्रिका. मार्च 2022 मध्ये त्या खोलीतला मसुदा फुटला, तेव्हा जगाला कळलं की मूळ मागणीतलं बरंच काही गळून पडलंय. मसुदा अधिकृतपणे मांडला गेला तो मे महिन्यात. 17 जून 2022 ला निर्णय झाला आणि त्यात फक्त लस उरली. औषधं आणि तपासणीच्या साधनांबाबत सहा महिन्यांत ठरवू, असं म्हटलं होतं. 2024 उजाडलं तरी त्यावर एकमत झालं नाही. ज्या घरांनी त्या दोन वर्षांत ऑक्सिजन आणि इंजेक्शनसाठी धावपळ केली, त्यांना कोणी विचारलं का की औषधांचा मुद्दा सोडायचा की नाही?

औषधांच्या बाबतीत आपला देश काय करू शकतो हे याआधी जगाने पाहिलंय. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी एड्सची तीन औषधांची मात्रा वर्षाला 350 डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दरात देऊ केली. परदेशी कंपन्यांचा दर तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. हे शक्य झालं कारण आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या प्रक्रियेला पेटंट होतं, खुद्द औषधाला नव्हतं. डब्ल्यूटीओच्या करारामुळे 2005 मध्ये तो कायदा बदलावा लागला. करारातल्या एका ओळीचं वजन एवढं असतं.

गुप्तता हवीच, पण कोणापासून?

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. सौदा करताना आपले पत्ते उघडे टाकता येत नाहीत, असं वाटाघाटी करणारे म्हणतात. त्यात तथ्य आहे. भारतासारख्या देशांचा आणखी एक आक्षेप आहे. दारं सताड उघडली तर आत शिरतील त्या श्रीमंत देशांतल्या मोठ्या कंपन्या आणि साधनसंपन्न संस्था. आपल्या गरीब शेतकऱ्याला जिनिव्हाचं तिकीट परवडणार आहे का? म्हणूनच तंट्यात बाहेरच्या संस्थांची निवेदनं घ्यायला आणि सुनावण्या खुल्या करायला भारताचा विरोध राहिला आहे. हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही.

पण आपल्या जनावरांच्या बाजाराची रीत आठवा. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात. आजूबाजूच्या शंभर माणसांना आकडा कळत नाही. तरी ज्याचं जनावर आहे त्याच्या कानात दलाल भाव सांगतो, आणि तो मान हलवेल तेव्हाच दोरी दुसऱ्याच्या हातात जाते. रुमाल बाजारापासून लपवायला असतो, मालकापासून नाही. व्यापार करारात मालक कोण? ऊस ज्याचा, रेशनकार्ड ज्याचं, औषध ज्याला लागतं तो. आज परिस्थिती उलटी आहे. आपल्या बाजूचा प्रस्ताव समोरच्या देशांना माहीत असतो, आपल्याला नसतो.

त्यात आपल्या राज्यघटनेनुसार परदेशाशी करार करणं हा केंद्र सरकारचा अधिकार आहे. सही करण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावीच लागते असं नाही. करारासाठी कायदा बदलायचा असेल तेव्हा विषय संसदेत येतो, पण तोवर शब्द दिलेला असतो. आशियातल्या 'आरसेप' करारातून भारत नोव्हेंबर 2019 मध्ये बाहेर पडला. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाची दूध पावडर स्वस्तात आली तर आपल्या दूध उत्पादकांचं काय, हा त्यातला मोठा प्रश्न होता. ती भीती किती खरी, हे तपासायलाही दूध घालणाऱ्या बाईच्या हातात मसुदा नव्हता. करार अधिकृतपणे प्रसिद्ध झाला तो उरलेल्या देशांनी 2020 मध्ये सह्या केल्यावर.

भाषेचं कुलूप

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवत असल्यामुळे एक गोष्ट मला जास्त टोचते. डब्ल्यूटीओच्या अधिकृत भाषा तीन : इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. साखरेच्या निकालाचं ब्राझीलने काय केलं ते सोडा, ग्वाटेमालाचा ऊस उत्पादक तो अहवाल आपल्या स्पॅनिशमध्ये वाचू शकतो. आपला शेतकरी मराठीत वाचू शकत नाही. हिंदी-उर्दूतही नाही. बालभारती एकच धडा मराठीत, उर्दूत, कन्नडमध्ये, गुजरातीत छापते, मुलांना समजावा म्हणून. मग मुलांच्या बापाचा भाव ठरवणारा दहा पानांचा सारांश मराठीत का मिळू नये? हे काम जिनिव्हाचं नाही, दिल्लीचं आणि मुंबईचं आहे.

आपण काय करू शकतो?

माहितीचा अधिकार कायदा, 2005 आपल्या हातात आहे. कलम 4 म्हणतं की महत्त्वाचं धोरण ठरवताना त्यासंबंधीची सगळी महत्त्वाची माहिती सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करावी. कलम 8 मध्ये परराष्ट्र संबंध आणि व्यापारी गुपितं यांचे अपवाद आहेत, आणि अशा अर्जांना तेच कारण मिळण्याची शक्यता मोठी. पण त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की जनहित मोठं असेल तर अपवाद असूनही माहिती देता येते. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा अर्ज जिथून करतो तिथल्या राजभाषेत करता येतो, म्हणजे मराठीतही. केंद्र सरकारकडे फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही. उत्तराची मुदत तीस दिवस. वाणिज्य विभागाला विचारा : साखरेच्या तंट्यात दिलेल्या निवेदनाचा गोपनीय नसलेला सारांश द्या. असा सारांश मागायची तरतूद डब्ल्यूटीओच्या नियमांतच आहे. दुसरा सदस्य देश मागू शकतो, तर आपल्याच नागरिकाने का मागू नये?

आपल्या घरांत आता वकील, सीए, एमबीए झालेली मुलं-मुली आहेत. मोहल्ल्यातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा एक कागद वाचून मराठी-उर्दूत सांगितला तरी सुरुवात होईल. खासदार मतं मागायला येतात तेव्हा रस्ता-गटाराबरोबर हाही प्रश्न विचारा : सही होण्याआधी मसुदा आम्हाला कधी दाखवणार?

निकाहाच्या मजलिसीत मेहेरची रक्कम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जाते. नवरा-नवरी 'कबूल' म्हणतात ते त्यानंतर. आधी कबूल करून घेऊन शर्ती पंचेचाळीस दिवसांनी कळवल्या, तर त्याला कोणी राजीखुशी म्हणेल का?

तो मुलगा आता कॉलेजात आहे. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "सर, तो साखरेचा अहवाल डाउनलोड केलाय. इंग्रजी जड आहे, रोज दोन पानं वाचतो." मी त्याला म्हटलं, समजलेलं पान अब्बांना मराठीत सांगत जा. ऊस त्यांचा आहे.